अंजनेरीवरून दिसलेलं लुगडं

सत्तरच्या दशकात सातपूरच्या कारखान्यात नवा लागलो होतो, तेव्हा एका रविवारी आम्ही चौघं अंजनेरी चढलो. पायथ्याच्या गावातला वाटाड्या बरोबर होता. उतरल्यावर जेवणही त्याच्याच घरी ठरलं होतं. माथ्यावर अंजनीमातेला नमस्कार करून आम्ही वाऱ्याला बसलो, तर हा आपला कड्यावरून सारखा खाली बघतोय. मला रागच आला. रोजच्या गावात एवढं काय बघायचं? एकदम तो हसत उठला. खाली एका घराच्या कौलांवर लाल लुगडं पसरलेलं दिसत होतं.

“बायकोची खूण हाय. भाकरी थापाया घेतल्या तिनं. चला.”

सगळे निघाले. मी उगाच नाशिकच्या दिशेने बघत राहिलो. तिकडे माझी खाणावळ होती, आणि ती रविवारी संध्याकाळी बंद असे.