वाल्टर परत गेला तेव्हा

जर्मनीहून आलेला वाल्टर आमच्या घरी जी मराठी बोलायचा, ती ऐकून वडिलांचे विद्यार्थी हसू दाबायचे. वडील शाळेत व्याकरण शिकवत आणि वाल्टर त्यांनाच विचारायचा, "मास्तर, आज शाळा न्हाय व्हय?" सूत रंगवण्याचं शास्त्र शिकायला तो सोलापुरात आला होता. दिवसभर रंगाऱ्यांत वावरून त्यांचीच बोली त्याच्या तोंडी बसली होती. वडील सुधारायला गेले की म्हणायचा, "तुमचं लई शुद्ध हाय मास्तर, पन त्ये रंगाऱ्यास्नी कळत न्हाय."

त्याच्या आणि माझ्या थोरल्या भावाच्या, माधवदादाच्या, कॉलेजांनी वर्षभरासाठी विद्यार्थ्यांची अदलाबदल केली होती. दादा त्याच्या घरी राहायचा, तो आमच्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्याकडे सोवळं कडक. वाल्टरचं पान ओसरीवर मांडलं जाई. आई वरूनच वाढायची आणि तो उठला की जागा शेणानं सारवायची. तो मात्र शेंगांच्या चटणीवर खूश असे. "मावशी, अजून एक भाकरी टाका की," अशी त्याची हाक यायची. दादा पत्रात लिही, वाल्टरची आई मला जेवताना आपल्या शेजारी बसवते. ते वाचूनही आमच्यापैकी कुणाच्या मनात काही आलं नाही.

तो निघायचा दिवस उजाडला. दुपारची गाडी होती आणि आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पानं मांडत असतानाच पोस्टमन आला. वाल्टरनं पत्र वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

"काय म्हणतात घरचे? माधव निघाला ना?" वडिलांनी विचारलं.

"बोटीवर बसला. बरा हाय." मग हवापाण्याबद्दल बोलावं तसा तो म्हणाला, "माज्या वडलांची मास्तरकी गेली. मला बी कॉलेजात येऊ नको म्हनून कळवलंय."

"का? काय केलंत तुम्ही?"

"काय न्हाय. आमी ज्यू हाय. नवं सरकार आमच्या लोकांना येगळं काढतंय."

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. ते म्हणाले, "मग जाऊ नकोस. इथंच राहा. मी मिलमध्ये शब्द टाकतो."

"आय हाय तितं, मास्तर."

मग त्यानंच आमची समजूत घातली. "वाईट वाटून घेऊ नका. येगळं बसायची सवय झाली की हितं. तुमी निदान मायेनं वाढता."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तो खरंच आभार मानत होता. दारात ताट घेऊन उभी असलेली आई पुढे आली. तिनं ताट खाली ठेवलं, त्याचं पान उचललं आणि आत माजघरात वडिलांच्या शेजारी मांडलं. वर्षभरात न ओलांडलेल्या उंबऱ्यापाशी वाल्टर थबकला.

"मावशी, इटाळ?"

"आत ये," आई म्हणाली.

तो आत येऊन बसला. आईनं त्याच्या पानात पोळी वाढली.

स्टेशनवर त्यानं वाकून वडिलांना नमस्कार केला आणि गाडी हलली. पुढे त्याची दोन पत्रं आली. नंतर आमची परत येऊ लागली, आणि मग युद्धच सुरू झालं. तो आईजवळ किती दिवस राहिला, जगला की नाही, आम्हाला कधीच कळलं नाही.

त्या दुपारी टांग्यातून परतताना मी वडिलांना विचारलं, "अण्णा, मग आपण त्याला वेगळं का बसवत होतो?"

अण्णांकडे माझ्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. सात रस्त्याचा चौक मागे पडला, घर आलं, टांगेवाल्यानं घोडा थांबवला. अण्णा खाली उतरले नाहीत.