राघूचा उष्टा पेरू

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, आणि मी अंगणवाडीची सेविका. दुसऱ्यांची मुलं कधी मान धरतात, कधी बसतात, पहिला शब्द कधी बोलतात हे विचारत घरोघर फिरायचं, हेच माझं काम. रोह्याला लागून वरसे आहे, तिथे आमची अंगणवाडी. कितव्या महिन्यात बाळाने काय करायला हवं याचा एक रंगीत तक्ता तिथल्या भिंतीवर होता. त्याच तक्त्याखाली माझी पोर तोंड मिटून ठोकळे रचत बसायची. एखादी आई घाबरून यायची, "ताई, हा अजून आई नाय बोलत." मी तिला सांगायचे, काळजी करू नका, प्रत्येक मूल आपल्या वेळेने बोलतं. ती बाई आधी माझ्याकडे बघायची, मग माझ्या पोरीकडे, आणि आपलं मूल उचलून निघून जायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी रोज दहा ते दोन बघत होते.

मुलगी मुकी नव्हती. हसताना आवाज यायचा, रडताना तर शेजारची येऊन विचारायची की मारलंस का. पाणी हवं असलं की माझं बोट धरून माठापाशी न्यायची. सगळं कळत होतं, फक्त बोलायचं नव्हतं. नवरा डोलवीला कंपनीत, त्याची शिफ्ट कधी सकाळची, कधी रात्रीची. तो म्हणायचा, "माझा काका पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता ग्रामसभेत त्याला गप बसवायला चार माणसं लागतात." त्याचं हे ऐकून मला बरं वाटायचं नाही, राग यायचा. काळजीची वाटणी होत नसते हे मला त्या वर्षी कळलं. ती ज्याच्या वाट्याला येते त्याच्या अख्खी येते.

शेवटी आम्ही तिला कानाच्या तपासणीला पनवेलला नेलं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून पेणहून माझे बाबा सोबत आले. झोपेचं औषध पाजून पोरीच्या डोक्याला वायरी लावल्या, तासभर ती तशीच निजली होती. बाबा बाहेर बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मी धावत बाहेर आले आणि बाबांना सांगितलं. ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. मी जवळ जाऊन पुन्हा सांगितलं, तेव्हा हसले, "मंग काय तर, मी बोललोच व्हतो." आनंदाच्या भरात माझ्या लक्षातच आलं नाही की मला दोनदा सांगावं लागलं होतं. त्या दवाखान्यात आम्ही चांगले कान तपासून घेतले आणि वाईट कान बाकावर बसवून ठेवले. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

बाबांचा उजवा कान आधीच गेला होता आणि डावाही मंद झाला होता, हे नंतर आईकडून कळलं. ते कुणाला सांगत नव्हते. डावा कान माणसाकडे करून बसायचे आणि काम भागवायचे.

माझं माहेर पेण तालुक्यात, गागोदे बुद्रुकच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात, भात कापलं की त्याच ओलीवर वाल. भात पिकायला लागलं की राघूंचे थवे उतरतात. राघू म्हणजे पोपट, पण गावात पोपट कुणी म्हणत नाही. माझ्या लहानपणी आश्विनातली सकाळ बाबांच्या डब्याने व्हायची. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याच्यावर काठी, आणि मधेच "हाऽऽ" अशी हाळी. चाळीस वर्षं या माणसाने राघूंशी वैर केलं. लोणच्याशिवाय दुसऱ्या कशाशी त्यांचं इतकं पक्कं नातं नव्हतं.

आणि त्याच माणसाने माझ्या मुलीसाठी डबा वाजवायचा थांबवला.

आमच्याकडे म्हणतात की मूल उशिरा बोलत असेल तर त्याला राघूने चोच मारलेला पेरू खायला घालावा. घराच्या मागच्या बाजूला पेरूचं झाड होतं. पण चाळीस वर्षं डबा ऐकलेले राघू तिथे कशाला बसतील? म्हणून त्या आश्विनात बाबांनी डबा पडवीच्या आढ्याला टांगून ठेवला. पाखरांची भीती मोडली पाहिजे, म्हणजे थंडीत पेरू पिकले की ती येतील, असा त्यांचा हिशेब. आख्खा थवा आमच्या भातावर बसला. शेजारचे शेतकरी बाबांना वेडा म्हणाले आणि आईने तर बोलणंच सोडलं. "पोर बोलंल तवा बोलंल, माझा भात तर गेला," एवढं एकच वाक्य ती दिवसातून तीनदा भिंतीला ऐकवायची.

पेरू पिकले तेव्हा राघू खरंच आले. मग नवीनच वाद सुरू झाला, कुठला पेरू राघूचा आणि कुठला बुलबुलाचा. बुलबुलाचा उष्टा खाऊन काय उपयोग, तो तर नुसता चिवचिवतो, असं आईचं म्हणणं. म्हणजे एव्हाना तीही सामील झाली होती. बाबा शिडीवर चढून एकेक पेरू फिरवून चोचीची खूण बघायचे. मी रविवारी माहेरी गेले की माझ्यासमोर तो पेरू पुढे यायचा. मी लोकांच्या मुलांना साबणाने हात कसे धुवायचे ते शिकवणारी बाई. मी चिडले, ओरडले, पाखराच्या तोंडचं पोरीला देणार नाही म्हणाले. बाबांनी शांतपणे डावा कान माझ्याकडे केला, सगळं ऐकून घेतलं आणि पेरू माझ्या हातात ठेवला. मी तो धुतला. चोचीची जागा सोडून धुतला, की उष्टेपण जाऊ नये. आणि माझ्याच हाताने पोरीला भरवला. शिकलेल्या बाईचं शहाणपण किती टिकतं, ते मी त्या दिवशी मोरीत उभं राहून पाहिलं.

ती थंडी गेली. पोरीने उष्टे पेरू चवीने खाल्ले आणि अवाक्षर काढलं नाही. "पावसाळ्यातल्या बारानं बोलंल," बाबा म्हणाले. झाडावर पुढच्या बहराचे बारीक हिरवे पेरू धरले होते.

मग ते चक्रीवादळाचं साल आलं. साथीमुळे माझी घरोघर सर्वेक्षणाची ड्युटी सुरू होती, म्हणून पोरीला माहेरी ठेवलं होतं. वादळ येणार म्हणून सांगितलं तेव्हा मी कशीबशी एक गाडी गाठून आदल्या दिवशी तिच्याजवळ पोचले. नवरा कंपनीतच अडकला.

जूनच्या सुरुवातीचा तो दिवस. सकाळी नुसता वारा होता, दुपारी वाऱ्याला दिशाच राहिली नाही. पडवीवरचे सिमेंटचे पत्रे एकेक करून सुटले. पत्रा उडताना दिसत नाही, आधी फक्त उजेड वाढतो. आम्ही चौघं मधल्या खोलीत, धान्याच्या कणगीला पाठ लावून बसलो होतो. मी मुलीच्या कानांवर हात दाबून धरले होते. तिचे चांगले कान, एवढंच माझ्या मनात होतं. मागे काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज झाला. आई दचकली, मी दचकले, पोर दचकली. बाबा तसेच समोर बघत बसले होते. मला भीती वाटली ती वादळाची नव्हे, त्यांच्या त्या न दचकण्याची. चार तास आम्ही तसे बसलो आणि माझ्या हातात करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. पेरूचं झाड मुळासकट आडवं पडलं होतं, हिरवे पेरू चिखलात. घरावर आभाळ, गावात वीज नाही, फोन नाही. बाबा कुऱ्हाड घेऊन त्या झाडाच्या फांद्या तोडायला लागले. गोठ्याची वाट अडली होती, तोडणं भागच होतं. मी मागच्या दारात भिजलेले तांदूळ पसरत होते. पोर बाबांच्या पाठीमागे चार पावलांवर उभी होती. एक हिरवा पेरू तिने उचलला होता.

ती म्हणाली, "आजा, राघू नाय."

स्वच्छ. तीन शब्द, घरातल्या माणसाने सहज बोलावं तसे. आवाज जरासा घोगरा, शेवटी वर जाणारा. माझ्या हातातलं ताट पडलं. बाबांची कुऱ्हाड खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. त्यांची पाठ होती. पोर थांबली, तिने उत्तराची वाट बघितली, आणि पुन्हा एकदा म्हणाली, जरा हळू, "आजा?"

तेव्हा मी काय करायला हवं होतं? गप राहायला हवं होतं. हळूच जाऊन बाबांच्या खांद्याला हात लावायला हवा होता. दुसऱ्या बायकांना मी हेच शिकवते, मूल बोललं की त्याला दडपू नका. मी किंचाळले. धावत जाऊन तिला उचललं, गदागदा हलवलं, "बोल, परत बोल, आईसमोर बोल," म्हणून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. खरं सांगायचं तर त्या किंचाळण्यात नुसता आनंद नव्हता. तिचा पहिला शब्द आई नव्हता, याची जळजळही होती. तिने ओठ घट्ट मिटले आणि पेरू टाकून दिला. बाबा वळले तोवर सगळं संपलं होतं.

"काय झाला गो?"

मी त्यांना सांगितलं. त्यांनी डावा कान पुढे केला, मी पुन्हा सांगितलं. ते कुऱ्हाड टेकवून चिखलातच पोरीसमोर उकिडवे बसले. "बाय माझी, बोल. एकदाच बोल." ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी ते उठले. मग मला म्हणाले, "तुला भास झाला असंल. वारा डोक्यात बसतो कवा कवा." त्यांना बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलतेय, असं त्यांना वाटलं. ते मला समजावत होते आणि मला त्यांना पटवता येत नव्हतं.

त्यानंतर पत्रे मिळेनात. निळा प्लास्टिकचा कागद बांधून त्याखाली आईबाबांनी जून काढला, अर्धा जुलै काढला. अंथरूण ओलं, भिंती ओल्या. मी पोरीला घेऊन वरशाला परतले होते. रस्ते धड नव्हते, माझी ड्युटी होती, कारणं सगळी खरी होती. त्या ओलीत बाबांना ताप आला आणि डावा कान वाहायला लागला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, तेल कोमट करून घालत राहिले. गणपतीला आम्ही गेलो तेव्हा दारात येऊन त्यांनी विचारलं, "जेवून आलात का?" मी नाही म्हणाले. "बरा झाला," ते म्हणाले आणि आत गेले.

नंतर डॉक्टर झाले, औषधं झाली, कानाचं यंत्रही झालं. यंत्रात नुसती शिट्टी वाजते म्हणून त्यांनी ते डबीत घालून देवाच्या फळीवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झालाय.

आणि दिवाळी झाल्यावर, एका साध्या बुधवारी, मी भांडी घासत असताना माझी मुलगी म्हणाली, "आई, माठात पाणी नाय." या वेळी मी वळलेसुद्धा नाही. घासता घासता म्हणाले, "भरते हं." मग तासभर रडले, पण नंतर, मोरीचं दार लावून. तिथून ती बोलायला लागली ती लागली. मी लगेच माहेरी फोन लावून तिला दिला. ती आजाला पाच मिनिटं काय काय सांगत होती. पलीकडून बाबांचा आवाज येत होता, "व्हय, व्हय. बरा हाय मी. व्हय."

आता ती तिसरी संपवून चौथीत गेलीय आणि तिला गप बसवायला खरंच चार माणसं लागतात. नवरा हे रोज ऐकवतो. आजाशी ती खाणाखुणांनी बोलते, शब्दांशिवाय कसं सांगायचं हे तिला आधीपासून येतंच. दोघांचं छान जमतं. मला ते बघवत नाही.

गेल्या आश्विनात आम्ही माहेरी होतो. भात पिवळं पडलं होतं, राघू उतरले होते. बाबा बांधावर उभे, हातात तोच डबा. ते वाजवत होते जोरात, पण स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे मधेच थांबून वर बघत होते, वाजला की नाही ते पाखरांवरून कळायचं. पोर त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली, "हाऽऽ!" आख्खा थवा एकदम उठला. बाबांनी थव्याकडे बघितलं, मग तिच्या उघड्या तोंडाकडे, आणि हसले. तिने पुन्हा हाळी दिली, पलीकडच्या शेतातले राघूही उठले.

ते माझ्याकडे वळले.

"आवाज मोठा हाय गो तिचा. कोनासारखा हाय?"

मला उत्तर माहीत होतं. थोडा घोगरा, शेवटी वर जाणारा. आई तर पहिल्या दिवसापासून म्हणते की हुबेहूब बाबांच्या आईचा. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, ओठ सावकाश हलवत म्हणाले, "तुमच्या आईसारखा." ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश.

"व्हय, व्हय," ते मान हलवत म्हणाले. "बरा हाय मी."