काचेपलीकडचा पाहुणा

काचेपलीकडे एक पेंग्विन उभा होता आणि अलीकडे गुडघे धरून मी. नातीनं विचारलं, "आजी, याचं घर कुठंय?"

बालवाडीत शिकवताना मी डुलत चालून दाखवायचे आणि ठणकावून सांगायचे, "पेंग्विन बर्फातच राहतो!" बाईंनी बर्फ पाहिलेला फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. आता मुद्दाम डुलावं लागत नाही, आणि इथली पाटी म्हणते, हा बर्फातला नाहीच, खडकाळ किनाऱ्यावरचा आहे.

"आपल्या गावासारखा समुद्र आहे त्याच्याकडे," मी म्हटलं.

"मग तो परत कधी जाणार?"

गावचं घर बंद करून लेकाकडे आल्यापासून हे मीही कुणाला विचारलेलं नाही.

"आता इथंच राहतो गं तो."

तिनं काचेला नाक लावलं. "करमतं का रे तुला इथं?"

आणि ती पुढच्या काचेकडे पळाली. मी मात्र त्याच्या उत्तरासाठी थांबून राहिले.