घाटातले एकोणीस सेकंद

बिरुदेव माझ्याकडे कामाला आला तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, दुकानात आलेली वस्तू दुरुस्त करायची, तिच्यात जीव गुंतवायचा नाही. त्यानं मान डोलावली आणि वर्षभरात नेमकं तेच केलं.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी गुरुबसप्पा, चौतीस वर्षं हेच करतोय. आता लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात, म्हणून मिक्सर, इस्त्री, कूलर, जे येईल ते करतो. मागच्या भिंतीला एक फळी आहे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि परत न नेलेल्या वस्तू तिच्यावर पडून असतात. त्यातच एक राखाडी रंगाचा जपानी व्हिडिओ गेमचा डबा होता, आत कॅसेट अडकलेली. बिरूनं तो उघडला, एक कपॅसिटर बदलला, माझ्या जुन्या पेटीसारख्या टीव्हीला जोडला, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

बिरू सांगोला तालुक्यातला. धनगराचा पोर म्हणायचं, पण पोर कसला, चौतिशी ओलांडलेला गडी. आयटीआय केलेला, हात सोन्याचा, बोलणं मोजकं. लग्न केलं नाही. मेंढरं विकून टाकल्यावर त्यानं बापाला, हरिबांना, इथं आणलं. दोघं मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचे. दिवसा म्हातारा दुकानात येऊन बसायचा, कधी आत बिरूच्या मागं, कधी बाहेर पायरीवर. त्यांना एक सवय होती. दिसेल ती माणसं बोटाच्या पेरांवर मोजायची. गिऱ्हाईक आलं की मोजायचे, गेलं की पुन्हा मोजायचे. मला ते बघून आधी हसू यायचं, मग राग यायला लागला. आपल्याच दुकानात आपण हजेरीपटावर असल्यासारखं वाटायचं.

तर तो खेळ. चार सोबती एका गावातून निघतात, घाट ओलांडतात, समुद्र ओलांडतात आणि शेवटी एका दुष्ट राजाला मारतात. एक तलवारवाला, एक तिरंदाज, एक मांत्रिक आणि एक औषधवाली बाई. पडद्यावर ती एकामागं एक, रांगेनं चालतात. सरळपणे खेळलं तर साठेक तास लागतात. पण जगात अशी खुळी माणसं आहेत, जी हाच खेळ तीन तासांत संपवतात आणि त्याचं चित्रण करून इंटरनेटवर टाकतात. त्यांची यादी असते. तीन तासांच्या आत आलं की बिरूचं नाव पहिल्या दहांत लागणार होतं. माझ्याकडे आल्यापासून त्यानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. हे मात्र त्याला हवं होतं, आणि ते तो लपवतही नव्हता.

त्यानं दोनशे पानी वही आणली आणि बेत आखायला घेतला. नऊ महिने आखत होता. कुठल्या गावात किती पावलं, कुणाशी बोलायचं नाही, कुठली पेटी उघडायची नाही. मी म्हटलं, "अरे, खेळायचंय की मोहिमेवर निघायचंय?" तर म्हणाला, "आबाबी असंच करायचं की, अण्णा. दिवाळीनंतर वाडा निघायचा तवा कुटं पाणी हाय, कुणाचं रान मोकळं हाय, समदं आबाच्या डोक्यात. वही न्हवती एवडंच." त्यांच्यात मेंढरं, घोडी आणि माणसं मिळून जो मुक्काम चालतो, त्याला वाडा म्हणतात. हरिबा त्या वाड्याचे कारभारी होते. वाट तेच ठरवायचे.

बिरूच्या बेतात एक गोष्ट मला पटली नव्हती. घाटाच्या तोंडाशी पहिली मोठी लढाई होते. तिथं तो औषधवालीला मुद्दाम मरू द्यायचा आणि पुन्हा जिवंत करायचाच नाही. ती नसली की पुढच्या प्रत्येक लढाईत तिची पाळी वाचते, सगळे मिळून चार मिनिटं वाचतात. शिवाय रांगेत तीनच माणसं उरली की त्या जुन्या मशीनवर भार कमी पडतो. चौथं माणूस काढायला मशीन किंचित अडखळतं, तीन असली की भरभर चालतं. हे मला कळतं, मशीन माझा धंदा आहे.

पहिल्या दिवशी औषधवाली पडली आणि तिघं घाटात शिरली, तेव्हा मागं बसलेले हरिबा पेरांवर मोजत म्हणाले, "चार."

"तीनच हायती, आबा," बिरू मान न वळवता म्हणाला.

"चार हायती. शेवटची लई मागं ऱ्हायलीया. थांब जरा."

बिरू थांबला नाही. घाट संपला आणि त्यानं घड्याळ बघितलं. वहीतल्या वेळेपेक्षा एकोणीस सेकंद जास्त लागले होते.

एकदा झालं तर आपण चूक समजतो. हे रोज झालं. एकोणीस, वीस नाही की अठरा नाही. बिरूनं पावलं पुन्हा मोजली, वही बरोबर होती. मी कॅसेटचे पॉइंट स्पिरिटनं पुसले, पॉवर सप्लाय बदलला, दुसरा टीव्ही लावला. पूर्वी टीव्हीत एका माणसाची दोन-दोन माणसं दिसली की लोक घाबरून मला बोलवायचे. मी अँटेना फिरवायचो आणि दुसरा माणूस नाहीसा व्हायचा. भुताखेतांशी माझा संबंध एवढाच. पण इथं फिरवायला अँटेना नव्हती.

मग एकदा हरिबांना ताप आला आणि ते चार दिवस खोलीतच राहिले. चारही दिवस घाट वहीतल्या वेळेत पार झाला, सेकंदाचाही फरक नाही. पाचव्या दिवशी म्हातारा येऊन बाहेर पायरीवर चहा पीत बसला. पडद्याकडे पाठ होती त्यांची. घाटात एकोणीस सेकंद गेले. मी बिरूकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवशी हरिबा घरी गेल्यावर मी त्याला खोदून विचारलं. तेव्हा त्यानं मायाक्काचं सांगितलं. मायाक्का त्याची थोरली बहीण, तेव्हा सोळा वर्षांची. हा सात वर्षांचा. वाडा चालायला लागला की बायका घोड्यांवर संसार लादून एका वाटेनं पुढं जायच्या आणि गडी मेंढरं घेऊन दुसऱ्या वाटेनं. त्या दिवशी हरिबांनी मेंढरांसाठी घाटातली जवळची वाट धरली, म्हणजे दिवस वाचणार होता. मायाक्काच्या अंगात ताप होता, ती करंजाच्या झाडाखाली बसली होती. हरिबांना वाटलं ती बायकांबरोबर घोड्यावर येईल. बायकांना वाटलं बाप तिला बरोबर घेऊन गेला.

"मुक्कामावर मेंढरं मोजली," बिरू म्हणाला. "तीनशे बारा, समदी भरली. एक कोकरूबी कमी न्हाय. आबा खूश हुता. माणसं कोण मोजतंय, अण्णा? भाकरी वाढाय लागल्यावर समजलं."

ती सापडली तेव्हा तिथंच, त्याच झाडाला टेकून बसलेली होती. अंग गार पडलेलं. त्यानंतर हरिबा माणसं मोजायला लागले.

मला स्वतःची लाज वाटली. पण मी व्यवहारी माणूस आहे, आणि मला बिरूचं नाव त्या यादीत बघायचं होतं. बारीकसारीक चुका व्हायच्याच, त्यांत हे एकोणीस सेकंद मिळाले की दर वेळी तीन तास ओलांडले जायचे. मीच त्याला सुचवलं, की एका दिवसापुरतं म्हाताऱ्याला कुठंतरी पाठव. हा सल्ला माझा होता, हे मी इथं लिहून ठेवतो.

मे महिन्यातला दुकानाच्या सुट्टीचा दिवस ठरला. बिरूचा चुलतभाऊ अजिनाथ माढ्याला असतो, तो आदल्या दिवशी कामासाठी सोलापुरात आला होता. सकाळी दहाला तो दुकानात आला, चहा प्याला आणि हरिबांना घेऊन एसटी स्टँडकडे निघाला. जाताना म्हातारा दारात थांबून पडद्याकडे बघत राहिला. बिरूनं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, म्हणाला, "जावा, आबा. उद्या येतो न्यायला." आम्ही शटर खाली ओढलं, कूलर लावला, चित्रणासाठी मोबाइल स्टँडवर बसवला. अकराला बिरूनं खेळ सुरू केला.

मी त्याला अनेकदा खेळताना पाहिलं होतं, पण असा नाही. हात बटणांवर नुसते वाहत होते. मी शेजारी वही धरून एकेक वेळ वाचत होतो. पहिलं गाव वेळेत. जंगलातून दोन सेकंद आधी बाहेर. नदीपर्यंत सहा सेकंदांची कमाई. दीड तास झाला तेव्हा आम्ही घाटाच्या तोंडाशी होतो आणि अकरा सेकंद पुढं होतो. औषधवाली ठरल्याप्रमाणे पडली. तिघं घाटात शिरली.

घाट संपला. मी घड्याळ बघितलं, वही बघितली, पुन्हा घड्याळ बघितलं.

"सांगा की, अण्णा."

"आठ मागं."

म्हणजे अकराचे गेले आणि वर आठ. एकोणीस. तरी अजून काही बिघडलं नव्हतं. त्याच्या बेतात शेवटाला अर्ध्या मिनिटाची मोकळीक ठेवलेली होती, असाच खेळत राहिला असता तरी तीन तासांच्या आत येत होता. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पडद्यावर घड्याळ पळत होतं. बिरूनं हातातलं यंत्र हळूच खाली ठेवलं.

"आबा हितं हायती," तो म्हणाला.

"खुळा झालास का? माढ्याला पोचले असतील एव्हाना."

त्यानं अजिनाथला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अजिनाथ घरी पोचला होता, जेवायला बसला होता. "काका? काका चौकातनंच माघारी फिरलं की. म्हणलं, मी बिरूसंगं येतो सांजच्याला, तू हो फुडं. तुज्याजवळच हायती न्हवं?"

बिरू उत्तर द्यायला थांबला नाही. आम्ही दोघांनी मिळून शटर वर केलं. पायरीवर, भर दुपारच्या उन्हात, हरिबा शटरला टेकून बसले होते, शटर उचललं तसे आत आमच्या पायांशी कलंडले. मान एका बाजूला कलली होती. टॉवेल खाली पडला होता. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. शटरच्या खालच्या पट्टीवर धुळीत बोटांच्या खुणा होत्या. त्यांनी दार वाजवलं असणार. आत कूलरचा आणि खेळाचा आवाज, आम्हाला काही ऐकू आलं नव्हतं. किती वेळ वाजवलं असेल याचा विचार मी अजूनही टाळतो.

पाणी मारत रिक्षात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, बर्फ लावला. आणखी एक तास गेला असता तर आणायची गरज पडली नसती, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. बिरू कॉटच्या कडेला बसून होता. रडत होता आणि लपवत नव्हता.

दिवस कलायला आला तेव्हा हरिबांनी डोळे उघडले. खोलीभर नजर फिरवली. अंगठा पेरांवर सरकायला लागला.

"तीन," ते म्हणाले.

"व्हय, आबा. तीन."

"मी तिला आनाय माघारी आलो हुतो. तितं एकटीच बसलीया."

बिरूनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "मी आणतो तिला. तुमी निजा."

सामान आणायला मी एकटाच दुकानात गेलो. टीव्ही चालूच होता. घाट संपतो तिथं ती रांग उभी होती आणि कोपऱ्यातलं घड्याळ अजून पळत होतं. रांगेत किती जण आहेत ते मोजायच्या आत, चौतीस वर्षांत पहिल्यांदा, मी पडद्यावरनं नजर काढून टीव्ही बंद केला.

महिनाभरानं हरिबा हिंडायला-फिरायला लागले, तेव्हा बिरूनं वहीतलं घाटापासून पुढचं सगळं फाडलं आणि नव्यानं लिहिलं. आता औषधवाली पडली की तो पुढं जात नाही. सगळ्यांना घेऊन मागं फिरतो, देवळात जाऊन तिला उठवतो आणि मग घाट चढतो. म्हातारा मागं बसून मोजतो. "चार," म्हणतो. "चार," बिरू म्हणतो. घाट वहीतल्या वेळेत पार होतो, सेकंदाचाही फरक पडत नाही. खेळ तीन तास चार मिनिटांत संपतो. त्या यादीत त्याचं नाव नाही, आणि या बेतानं ते कधी लागणारही नाही. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाला, "असू द्या की, अण्णा."

आता संध्याकाळी दुकान बंद करताना मी आधी माणसं मोजतो. बिरू, आबा, मी. मग बाहेर पायरीवर जाऊन बघतो, आणि त्यानंतरच शटर ओढतो.