पहिलीच्या बाईंचं वाक्य

माणसाला गप्प बसवायचं असेल तर त्याचा सत्कार करावा, हे मी शिरूर तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत शिकलो. मी तिथे विद्यार्थी नव्हतो, शिक्षक होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दौंडला राहायचो आणि भीमेचा पूल ओलांडून मोटरसायकलवर शाळेत यायचो. माझा आवाज मोठा होता आणि चार पुस्तकं वाचलेली असल्यामुळे तोंडात विशेषणं भरपूर होती. त्यामुळे शाळेत कुठलाही कार्यक्रम असला की सूत्रसंचालन माझ्याकडे यायचं. मला त्याची लाज वाटत नसे. खरं सांगायचं तर आवडायचं.

शाळा सातवीपर्यंत. निकाल एक मेला. सकाळी लवकर झेंडावंदन व्हायचं, मग मुलं आपापल्या वर्गात जायची आणि वर्गशिक्षक प्रगतिपुस्तकं वाटायचे. सातवीची मुलं दाखला घेऊन मांडवगण फराट्याच्या हायस्कुलात जायला मोकळी. बाकीची जूनमध्ये शेजारच्या खोलीत. साडेनऊला शाळेला कुलूप लागलेलं असायचं आणि आम्ही सुट्टीला.

पहिलीच्या वर्गापुढे मात्र त्या दिवशी गर्दी असायची. तिथल्या बाई पंचवीसेक वर्षं पहिलीच शिकवत होत्या. दुसऱ्या वर्गाची त्यांना गोडी नव्हती. त्या म्हणायच्या, पुढची पोरं बिघडूनच येतात. बाईंची पद्धत अशी की प्रगतिपुस्तक नुसतं हातात द्यायचं नाही. पोराला पुढे बोलवायचं, आईबापांना उभं करायचं आणि पोराबद्दल एकच वाक्य मोठ्यानं सांगायचं. त्यासाठी आया कामाचा खाडा करून यायच्या. बाई गोड बोलत नसत. एका पोराबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "हा खोटं बोलतो, पण क्रमानं बोलतो. कान उपटा, तोंड बंद करू नका." बांगडीवाल्या चाचांच्या नातीला वर्षभर सगळे ढ म्हणत होते. तिच्याबद्दल त्या म्हणाल्या, "हिला फळा दिसत न्हाई. आधी डोळं तपासा, मग नावं ठेवा." चाचांनी तिला दौंडला नेऊन चष्मा केला. ती पोर पुढे चौथीत माझ्या वर्गात आली तेव्हा माझ्याच चुका काढायची.

गावात पंचविशी ओलांडलेले बाप्ये पारावर बसून एकमेकांना पहिलीतलं वाक्य ऐकवून चिडवत. प्रगतिपुस्तक कुणाकडेच शिल्लक नव्हतं, वाक्य प्रत्येकाकडे होतं.

मग आमच्याकडे नवे हेडमास्तर आले. त्यांना शिक्षणाचा राग नव्हता, फक्त त्याचा फोटो निघत नाही एवढीच त्यांची अडचण होती. झाडाचं रोप लावायचं तरी खड्ड्याभोवती रांगोळी आणि पाहुण्यांसाठी खुर्ची. लस टोचायला आलेल्या नर्सचंसुद्धा त्यांनी नारळ देऊन स्वागत केलं. तिच्या एका हातात सुई होती, नारळ कुठे धरावा तिला कळेना. कपाटात पूर्वी गोष्टींची पुस्तकं होती. ती पोत्यात गेली आणि त्या जागी अल्बम आले.

त्यांच्या पहिल्याच वर्षी बाईंनी एका ठेकेदाराच्या मुलाबद्दल सांगितलं होतं, "याला मी पास केलेला न्हाई. वरनं आदेश हाय म्हणून ढकललाय." ठेकेदार शाळेच्या व्हरांड्याला फरशी देणार होता. ती आली नाही. हेडमास्तर ती न आलेली फरशी दोन वर्षं विसरले नव्हते.

आणि आता बाईंच्या वर्गात आप्पांचा नातू होता. आप्पा म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. ऊस, विहिरी, दोन ट्रॅक्टर, आणि बोलायचं कमी. नातू अक्षरं ओळखायचा, पण ती एकत्र आली की त्याला परकी वाटायची. शाळेत सगळ्यांना हे माहीत होतं. बाई एक मेला काय बोलणार, हेही माहीत होतं.

बाई त्याच मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. त्यांची जन्मतारीख एक जून, म्हणजे त्यांना शाळेत घालून घेणाऱ्या मास्तरांनी अंदाजानं लिहिलेली. वर्गात उभं राहण्याचा शेवटचा दिवस एक मे. हेडमास्तरांनी मीटिंग बोलावली आणि जाहीर केलं की यंदा झेंडावंदनानंतर निकाल, सातवीचा निरोप आणि बाईंचा सेवापूर्ती सत्कार असा एकत्र भव्य कार्यक्रम होईल, तालुक्याचे एक पुढारी येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला मागे ठेवलं. म्हणाले, बाई सत्कारमूर्ती, त्या स्टेजवर बसतील. सत्कारमूर्तीनं पुस्तकं वाटत फिरणं बरं दिसत नाही, तेव्हा ती पाहुण्यांच्या हस्ते. मी म्हणालो, छान कल्पना आहे. मला सगळं समजलं होतं आणि तरी मी छान म्हणालो.

बाईंनाही समजलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गात आल्या आणि कार्यक्रमपत्रिका मागितली. त्यात त्यांच्या नावापुढे मनोगत होतं, पाच मिनिटं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्यात मी माझी पोरं बोलावते. एकतीस हायेत. धा मिनिटं लागतील."

"बघू, बाई."

"बघू नका, सर. द्या. पुढल्या वर्सी मी मागायला येणार न्हाई."

मी हो म्हणालो. खरं तर मान हलवली. मान हलवण्याचा फायदा असा की नंतर तिचा अर्थ बदलता येतो.

एक मेला पाहुणे आठला येणार होते. सव्वाअकराला आले. शिरूर तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन काय असतं, हे ज्यांनी तीन तास ताडपत्रीवर बसून पाहिलं त्यांना सांगायला नको. पहिलीची पोरं सगळ्यांत पुढे बसवली होती, कारण ती फोटोत गोंडस दिसतात. त्यातली दोन झोपली, एक रडून थांबलं, एकानं पुढच्याच्या टोपीत माती भरली. कर्णा बॅटरीवर चालत होता, आणि बॅटरी वाचवायची म्हणून मांडववाला मला थोडक्यात बोला म्हणत होता. त्या दिवशी एवढा शहाणा सल्ला मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

मग फेटे. मग स्वागतगीत, चाल एका लग्नातल्या गाण्याची होती आणि शब्द हेडमास्तरांचे, त्यामुळे मुली चालीकडे लक्ष ठेवून गात होत्या. सातवीतल्या एका मुलीनं निरोपाचं भाषण केलं. ते दरवर्षी तेच असे, जड पावलं, पाणावलेले डोळे. भाषण करणारी तेवढी बदलायची. सातवीनं शाळेला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. आधीच्या वर्गांनी दिलेली घड्याळं ऑफिसात ओळीनं लटकत होती आणि प्रत्येक आपापल्या वेळेला थांबलेलं होतं. शाळेत घंटा मात्र शिपाई मामा सावली बघून द्यायचे.

सत्काराची वेळ आली. मी बाईंना ज्ञानज्योती म्हणालो, वात्सल्याचा झरा म्हणालो, आणखी एक काहीतरी म्हणालो ज्यात चंदन होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. पाटीवर कुणी उलटं अक्षर गिरवलं की बघायच्या तशा. पाहुण्यांनी त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली. मे महिन्यात माणसाला लोकरीत गुंडाळतात आणि वर टाळ्या वाजवतात, हे फक्त आपल्याकडेच होत असावं.

तेवढ्यात पाहुणे हेडमास्तरांच्या कानाला लागले. शिरूरला दुसरा कार्यक्रम होता. हेडमास्तरांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे सरकवली: मनोगत रद्द, पुस्तकं फक्त तीन, फोटोपुरती, मग आभार.

चिठ्ठी हातात घेऊन मी उभा होतो. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, माइकसाठी.

मी म्हणालो, "बाई, पाहुण्यांना घाई आहे."

त्या उठल्या तशा बसल्या. मी माइकवरून आप्पांच्या नातवाचं नाव पुकारलं. चिठ्ठीतल्या तीन नावांत पहिलं तेच होतं. पोरगं आलं, पाहुण्यांनी त्याच्या गालाला हात लावला, फ्लॅश उडाला, टाळ्या पडल्या. आणखी दोन पोरं आली. मग मी आभार मानले, अगदी बॅटरीचेसुद्धा, आणि शेवटी सांगितलं की पहिलीची उरलेली प्रगतिपुस्तकं वर्गातून घेऊन जावीत.

हे शेवटचं वाक्य चिठ्ठीत नव्हतं. ते मी काही विचार करून बोललो नाही. एवढी पुस्तकं टेबलावर पडली होती, त्यांचं काहीतरी सांगायला हवं होतं. पण हेडमास्तर तोवर पाहुण्यांच्या मागे जीपकडे धावले होते आणि त्यांनी ते ऐकलं नाही. बायांनी ऐकलं.

बाई स्टेजवरून उतरल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या. "तुमचा आवाज चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कुणाचा हाय ते एकदा बघा."

मांडववाला वायरी गुंडाळायला लागला. संध्याकाळी त्याला नदीपलीकडे खुटबावला लग्न होतं. निम्मे लोक जीपमागे गेले. उरलेले पहिलीच्या वर्गाकडे वळले. मी आधी स्टेजवरचे हार गोळा करतो असं दाखवलं, मग दाराशी जाऊन उभा राहिलो. पत्र्याची खुर्ची तापली होती. बाईंनी शाल चार पदरी करून तिच्यावर टाकली आणि बसल्या. कार्यक्रमातली तेवढीच एक वस्तू कामाला आली.

त्यांनी हाका मारायला सुरुवात केली. बुद्धविहारामागं राहणारी एक मुलगी पुढे आली. तिची आई खुरपणी सोडून आली होती, हाताला माती तशीच. बाई म्हणाल्या, "ही बोटं मोडून बेरीज करते. करू दे. उत्तर चुकत न्हाई." ती आई चौकटीला धरून हसली. सणसवाडीच्या कंपनीत जाणाऱ्या एका बापानं रात्रपाळी करून पोराला आणलं होतं आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. त्याला बाईंनी आधी जागं केलं, मग सांगितलं, "पोरगं तुमची वाट बघत शाळेच्या दारात बसतं. अभ्यास त्याला येतो." त्या बापाची झोप उडाली.

दोन पुस्तकं उरली होती तेव्हा आप्पा आले. जीपला पोचवून परत आले होते, डोक्याला फेटा तसाच, एका हाताला धरलेला नातू. बाया बाजूला झाल्या. आप्पांनी नातवाचं प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं.

"ह्याचं ऱ्हायलं, बाई."

"त्याचं झालं की, आप्पा. टाळ्या पडल्या."

"टाळ्या घरी न्हेऊन काय करू? ह्याच्या बापाला तुम्ही काय सांगितलं हुतं ते अजून घरात बोलतेत. ह्याचं सांगा."

बाईंनी पोराकडे बघितलं. त्याच्या गालावर पाहुण्यांच्या हाताचं कुंकू लागलेलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं.

"याला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात हेडमास्तर धापा टाकत दारात आले. काय झालं असेल ते त्यांना आप्पांच्या पाठीवरून समजलं असावं. आप्पा, बाईंचं मनावर घेऊ नका, दगदग झालीय त्यांची, असं काहीसं त्यांनी सुरू केलं.

आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. "गुरुजी, तुम्ही तर पोरगं हुशार म्हणला हुता."

"हुशार हायेच," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या घरी पाव्हणं आलं की ह्याला बोलावणं. जत्रा आली की बोलावणं. ट्रॅक्टर धुवायचा तरी हा पायजे. शाळंत कवा हुता तो? आठवड्यातनं दोन दिस. ह्यात पोराची चूक न्हाई."

"मग आता?"

"जूनमदी परत पहिलीत बसवा."

"आन् शिकवणार कोण?"

"मी न्हाई," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पोराचं नाव घेतलं.

तो प्रश्न आता माझ्याकडे घसरत आला होता, आणि आप्पा तो तसाच सोडून निघून गेले. आप्पांनी बाईंवर राग धरला का, हे मला कधी कळलं नाही. हेडमास्तरांवर मात्र धरला असावा. मांडवाचा खर्च आप्पा द्यायचे; पुढच्या वर्षी कार्यक्रमाला मांडव मिळाला नाही.

जूनमध्ये नातू पुन्हा पहिलीत बसला. नियमात ते बसत नव्हतं, पण आप्पा होते म्हणून बसलं; गरिबाच्या पोरासाठी हेच मागितलं असतं तर आम्ही त्याला आदेश वाचून दाखवला असता. पहिली घ्यायला कुणी तयार नव्हतं. हेडमास्तरांनी ती मला दिली. शिक्षा म्हणूनच दिली, आणि तसं लपवलंही नाही.

पुढच्या एक मेला त्यांनी विचारलं, सूत्रसंचालनाचं काय? मी सांगितलं, माझ्या वर्गाचा निकाल आहे. वर्गात बाया उभ्या होत्या, आप्पा दाराशी होते. नातू तोवर वाचत होता, अडखळत, पण पाठ नसलेलं, दुसऱ्याचं पुस्तकसुद्धा. मी त्याला पुढे बोलावलं आणि एक वाक्य बोललो. ते काय होतं, मला आज आठवत नाही. त्या पोरालाही आठवत नसेल.