पाटावर आणून बसवलेला नवरा

भटजींनी माझा पदर मागितला, गाठ मारायला. शेजारच्या पाटाकडे बघितलं तर तिथे माझा नवरा. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर कोरं उपरणं.

तान्ह्या पोरीसकट मला टाकून गेलेला हा माणूस. लोणावळ्यात हॉटेलात कामाला आहे, तिथेच दुसरा संसार थाटलाय. पोर तापाने फणफणली तेव्हा फिरकला नाही. मी सरपंच झाले तेव्हा साधा फोन नाही. आणि आज पाण्याच्या टाकीच्या भूमिपूजनाला हजर.

ही टाकी मी आणली होती. वडगावला पंचायत समितीत खेटे घालून, साहेबांच्या दाराबाहेर उभं राहून. खाली पवनेचं पाणी दिसतं आणि आमच्या बाया हंडे घेऊन डोंगर चढतात. मी पण चढलेय. त्या टाकीची पहिली कुदळ मला मारायची होती, एवढीच हौस.

"पूजंला जोडपं लागतं, सरपंचबाई," आबा म्हणाले. आबा आमचे उपसरपंच, वयाने मोठे, भरपूर जमीन असलेले. "मीच गाडी धाडून आनलं त्यांला. तासाभराचा तर प्रश्न हाय. गावासाठी बसा."

मला कुणी विचारलं नव्हतं. भटजींना माहीत होतं, मांडववाल्याला माहीत होतं, फक्त मला नाही. मी काही म्हणायच्या आत भटजींनी पदर ओढून गाठ मारलीसुद्धा. मागून कुणीतरी म्हणालं, "जोडा झ्याक दिसतोय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

तेवढ्यात माझी पोर पुढे आली. गाठीकडे बघत तिने विचारलं, "आई, हे कोन?"

तो खाली मान घालून अक्षता चिवडत बसला. स्वतःच्या लेकीकडे वर बघायचीही त्याची हिंमत झाली नाही. मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत. लाज वाटली नाही. आतून काहीतरी तुटत होतं, ते तुटू दिलं.

मग मी आबांना विचारलं, "गेल्या साली तुमच्या सत्यनारायनाला काकू माहेरी होत्या. तवा तुमी कसं बसला?"

"कमरंला सुपारी खोचून. तसंच असतंय."

"मग मला बी एक सुपारी द्या."

आबांनी भटजींकडे बघितलं. भटजी म्हणाले, "बाईमाणसाला तसं चालत नाही."

बायकोच्या जागी सुपारी चालते. नवऱ्याच्या जागी मात्र नवराच पाहिजे, मग तो कसलाही असो. मी गाठ सोडली. घट्ट होती, वेळ लागला. म्हणाले, "मी हितं कुनाची बायको म्हनून आले न्हाई. सरपंच म्हनून आले. एकटी बसंन, न्हाईतर बसनार न्हाई."

एकटीला कुणी बसू दिलं नाही. पूजेला आबा आणि काकू बसले, कुदळही त्यांनीच मारली. मी पोरीचा हात धरून मांडवाबाहेर उभी राहिले. बायांपैकी एकही माझ्याजवळ आली नाही, ज्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरावा म्हणून मी झिजले त्यासुद्धा. ते जास्त लागलं. नवरा जेवला आणि आलेल्या गाडीतून निघून गेला.

पोरीला नंतर कळलं तो कोण ते. शाळेत कुणीतरी सांगितलं. आता रोज विचारते, "बाबा परत कधी येनार?" तिला तो आवडला. याचं काय करू, मला कळत नाही. मी तिला खोटं सांगत नाही. येणार नाही म्हणते. ती रुसते, जेवत नाही, मी ताटाशी बसून राहते.

आता सदस्यांनी माझ्यावर अविश्वासाचा अर्ज दिलाय तहसीलदारांकडे. बाई गावाला जुमानत नाही, असं सांगत फिरतायत. काल आबा घरी येऊन म्हणाले, "राजीनामा द्या, अब्रू ऱ्हाईल."

माझी अब्रू त्यांनी मांडवात मांडली होती. आता ती राखायला ते नकोत. परवा त्यावर मतदानाची सभा आहे. मी जाणार, पोरीला घेऊन जाणार आणि सरपंचाच्या खुर्चीवर बसणार. उठवायचं तर एकेकाने माझ्याकडे बघून हात वर करावा. मी आपणहून उठणार नाही.