पाण्यात गेलं की बंद पडणारं इंजिन

निरगुडसरला माझं दुकान आहे, फवारणी पंप आणि जुन्या दुचाक्या दुरुस्त करायचं. बोटीचं इंजिन मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. त्यामुळे पिकअपमधून ताडपत्रीत गुंडाळलेलं ते लांबोडकं धूड खाली उतरवलं, तेव्हा मला वाटलं, बोअरचं काहीतरी असेल.

बरोबर एक बाई आल्या होत्या, चाळिशी उलटलेल्या. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी त्यांचं गाव. वडिलांची होडी आता त्याच चालवत होत्या. जाळी टाकायच्या, आणि धरण भरलेलं असलं की या काठची माणसं त्या काठच्या वाडीला पोचवायच्या. इंजिन वडिलांनी कोकणातून कुणाकडून तरी जुनंच आणलेलं. आता ते भर पाण्यात बंद पडत होतं.

"घोडेगावला दावलं, मंचरला दावलं," त्या म्हणाल्या. "कुनी हातच लावंना. म्हनले, आमाला बोटीचं कळत न्हाई."

"मलाबी न्हाई कळत."

"उघडून तर बघा, भाऊ."

उघडलं, तर आत सगळं ओळखीचं निघालं. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलात ऑइल मिसळायचं, एक सिलिंडर, एक प्लग, एक कार्बोरेटर. फवारणी पंपाचाच थोरला भाऊ म्हणायचा. फरक एवढाच, की हे धरणाच्या पाण्यावर थंड राहतं. खाली एक छोटा रबरी पंखा असतो, तो पाणी वर ओढतो, आणि आतून फिरून आलेलं पाणी बाजूच्या भोकातून पिचकारीसारखं बाहेर पडतं. पिचकारी थांबली की इंजिन तापायला लागलं समजायचं.

दोष शोधायला कष्ट पडले नाहीत, उलट जास्तच सापडले. प्लग काळाकुट्ट आणि ओला. कार्बोरेटरच्या तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ. रबरी पंख्याची दोन पाती चिरलेली. पंखा पुण्याहून मागवला, कार्बोरेटर धुतला, त्याच्या जेटची बारीक भोकं फुंकून साफ केली. मग दुकानासमोर पाण्यानं भरलेल्या पिंपाच्या काठावर इंजिन अडकवलं, पेट्रोलचा माझा कॅन वर खिळ्याला टांगला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला चालू झालं. पिचकारी चांगली उडत होती. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आठवड्याच्या आत बाई इंजिन घेऊन परत हजर. किनाऱ्याजवळ व्यवस्थित चालतं, वेग वाढवून मध्यावर गेलं की धाप लागल्यासारखं करतं आणि गप होतं. मी पुन्हा कार्बोरेटर उघडला. काही नव्हतं. प्लग बदलला, ठिणगीचे पॉइंट घासले, पिंपात लावलं, तर पुन्हा सुरळीत.

"तुमच्या दारात गुनी हाय ह्ये," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं आलं की आंगात येतं त्येच्या."

त्या चिडल्या नव्हत्या, पण काळजीत होत्या. त्यांची आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, समोरच्या काठच्या वाडीत राहायची. रस्त्यानं जायचं तर डोंगराला मोठा वळसा, वर दोन गाड्या बदलायच्या. वडिलांच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. होडीनं समोरच. पण पाण्यात मधेच बंद पडणाऱ्या होडीत म्हाताऱ्या माणसाला बसवायची बाईंची तयारी नव्हती, आणि वडील रोज विचारत होते, कधी नेतेस.

इंजिन तिसऱ्यांदा आलं नाही. त्यांचा फक्त फोन आला, की पुन्हा तेच झालं. तेव्हा मी म्हटलं, आता मीच येतो.

हे सहज बोलून गेलो खरा, पण मला पोहता येत नाही. आमच्याकडं विहिरी आणि कालवे, तिथंही मी काठावरचाच. घरी बायकोला सांगितलं, किनाऱ्यावर बसूनच काम आहे.

गेलो तेव्हा बाईंचे वडील होडीशेजारी दगडावर बसले होते. अंगानं काटक, कानानं कमी. त्यांनी मला पाहिल्या पाहिल्या सांगितलं, "प्लग बदला."

"बदललाय, बाबा."

"प्लगच आसतोय," ते म्हणाले आणि खिशातून कागदात गुंडाळलेला एक प्लग काढून माझ्या हातात दिला. त्यांच्याकडं असे बरेच होते. आयुष्यभर त्यांनी सगळ्या तक्रारींवर हाच उपाय केला होता.

किनाऱ्यालगत इंजिन छान चाललं. बिघाड बघायचा तर आत जाणं भाग होतं. माझ्या चेहऱ्यावरून बाईंना कळलं असावं. त्यांनी झाकण घट्ट लावलेला एक रिकामा कॅन आणला आणि माझ्या कमरेला दोरीनं बांधला. मग मी होडीत बसलो, खरं तर दोन्ही हातांनी फळी धरून चिकटलो.

निम्म्या पाण्यात आल्यावर त्यांनी इंजिनाचा कान पिळला. होडीचं नाक वर उचललं गेलं. थोडा वेळ गेला, आणि आवाज बदलला. बारीक झाला, पुन्हा उसळला, अडखळला, बंद. एकदम इतकी शांतता झाली, की होडीला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. घाटाकडून वारा होता आणि तो आम्हाला हळूहळू बुडलेल्या झाडांच्या शेंड्यांकडं ढकलत होता. वल्हं एकच.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "ह्ये रोजचं हाय."

मी घाबरलोच होतो. पण हाताला काम दिलं की माझी भीती कमी होते, म्हणून मी वाकून पेट्रोलची टाकी बघायला लागलो. ही टाकी होडीच्या तळाशी ठेवतात. तिच्यापासून इंजिनापर्यंत रबरी नळी जाते आणि नळीच्या मधे लिंबाएवढा रबरी फुगा असतो. सुरुवातीला तो दाबून पेट्रोल पुढं ढकलायचं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता, म्हणजे हवा कोंडली नव्हती. मी फुगा चारपाच वेळा दाबला.

"ओढा आता."

त्यांनी दोरी ओढली. इंजिन सुरू झालं. वेग दिला, पुन्हा धाप लागली. या वेळी बंद पडायच्या आत मी फुगा दाबला, तर आवाज भरून आला. सोडला, तर बसला. पुन्हा दाबला, पुन्हा आला.

"दाबत ऱ्हावा, भाऊ," बाई म्हणाल्या आणि होडी वळवली.

किनाऱ्यापर्यंत मी तो फुगा दाबत आलो. उजवा हात भरून आला की डावा, डावा भरला की उजवा. फळी धरायला हातच उरला नाही, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. बाई एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हशीची धार काढल्यावानी दिसतंय." मलाही हसू आलं.

उतरल्यावर मी दगडावर बसून विचार केला. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, हे पक्कं झालं होतं. दुकानात ते कधी दिसलं नाही, कारण तिथं माझा कॅन उंचावर टांगलेला. पेट्रोल आपोआप उतरत होतं. शिवाय बाई दर वेळी नुसतं इंजिन आणायच्या, टाकी आणि नळी घरीच राहायची. ती मागवायचं मला सुचलं नाही. म्हणजे एकतर इंजिनावरचा पेट्रोल ओढणारा छोटा पंप गेलाय, नाहीतर नळी. पिशवीत ट्रॅक्टरच्या डिझेलची नवी नळी होती. जुनी काढून ती लावली, फुगा तोच ठेवला, क्लिपा आवळल्या. टाकी तळाशीच.

पुन्हा आत गेलो. तोच वारा, तेच पाणी. बाईंनी पूर्ण वेग दिला आणि मी फुग्यावर हात ठेवून बसलो, पण दाबायची वेळ आली नाही. झाडांचे शेंडे मागं पडले, तरी आवाज एकसारखा. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली.

परत आल्यावर ब्लेडनं जुनी नळी उभी चिरली. बाहेरून अगदी धडधाकट. आतलं अस्तर मात्र पेट्रोलनं सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. हळू चालवलं की पेट्रोल शेजारून जायचं, जोरात ओढ बसली की पापुद्रा वाट बंद करायचा. मी ती नळी वडिलांना दाखवली. त्यांनी बोट घालून पाहिली, उन्हात धरून पाहिली.

"आणि प्लग?" त्यांनी विचारलं.

"प्लग चांगलाय, बाबा."

"माझाच टाका," ते म्हणाले. मी त्यांचा प्लग टाकला. कशाला उगाच वाद.

मग राहिलेलं काम केलं. पिंपात बसवलेलं ट्यूनिंग होडीच्या ओझ्याखाली बरोबर बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. होडी खुंट्याला बांधली, इंजिन गिअरमध्ये टाकलं आणि कार्बोरेटरचा स्क्रू केसाकेसानं फिरवत गेलो. आत घेतला की इंजिन शिंकायचं, बाहेर सोडला की जडावून धूर टाकायचं. मधली जागा सापडल्यावर आवाज असा बसला, की कानानं कमी असलेल्या वडिलांनीही मान वर केली.

"चल," ते मुलीला म्हणाले.

"आत्ता?"

"मंग कवा?"

त्यांनी घरात जाऊन धुतलेली टोपी घातली. मला वाटलं, मी आता निघावं. पण बाई म्हणाल्या, इंजिनवाला बरोबर असलेला बरा. गेलो. वडील पुढच्या फळीवर ताठ बसले होते, सारखे समोरच्या काठाकडं डोळे लावून.

आवाज ऐकून एक म्हातारी बाई वाडीच्या उतारावरून काठी टेकत खाली येत होती. आम्ही लागलो तोवर ती पाण्यापर्यंत पोचली. भावाला पाहून ती रडेल, असं मला वाटलं होतं.

"पावसाळा सरला तरी आला न्हाईस," ती म्हणाली.

"इंजिन बिघडलं व्हतं."

"इंजिनाला काय धाड भरली व्हती?"

"प्लग," वडील म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. वडिलांना दोन्ही बाजूंनी धरून आम्ही खाली उतरवलं. भाऊबहीण हळूहळू उतार चढायला लागले, आणि वर पोचेपर्यंत त्यांचं कुठल्याशा आंब्याच्या झाडावरून भांडण सुरू झालेलं ऐकू येत होतं.